दोन घरांमधले पिल्लू

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लांविषयीची आहेत, आणि त्यात नवल नाही. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास वितात, आणि मार्गशीर्ष सरत नाही तोच त्यांची पिल्ले आडोशाची जागा सोडून रस्त्याच्या कडेला येऊ लागतात. म्हणून या वेळचे सदर मी त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, परंतु ते त्याहून थोडक्यात देणे मला बरोबर वाटले नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीशेजारी चाललेल्या बांधकामावर एक कुत्री डंपरखाली सापडून मेली. तिच्या चार पिल्लांपैकी दोन त्याच आठवड्यात दगावली, एक तिथल्या रखवालदाराने गावी नेले आणि उरलेले मी घरी आणले. ती मादी आहे. अंगाने काळी, छातीवर पांढरा ठिपका. तेव्हा ती पाच आठवड्यांची असावी असे डॉक्टर म्हणाले, म्हणजे आता ती दहा आठवड्यांची झाली. जंतांचे औषध दिले आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी पहिली लस झाली आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे आम्ही तिला कायमचे ठेवू शकणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. आतापर्यंत चार जणांनी चौकशी केली. मादी आहे म्हटल्यावर दोघे मागे फिरले, एकाने ती कोणत्या जातीची आहे ते विचारून विषय सोडला, आणि चौथे कुटुंब येत्या रविवारीच तिला न्यायला तयार आहे. ती एवढी लहान असताना देणे योग्य होईल का? घर चांगले आहे हे कसे ओळखावे? आणि जिने एकदा आई गमावली तिला मी पुन्हा पोरके करते आहे, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही, त्याचे काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. दहा आठवड्यांचे पिल्लू नव्या घरी जाण्यासाठी लहान नाही. शक्यतो आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आई-भावंडांतच राहू द्यावे. तुमच्या पिल्लाच्या नशिबी ते नव्हते, पण ती मुदत तुमच्या घरी उलटून गेली आहे. कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात जे जे त्याच्या डोळ्यांसमोरून, कानांवरून आणि नाकाखालून सुखरूप जाते ते त्याला पुढे आपलेसे वाटते, आणि जे या काळात कधी भेटलेच नाही त्याची भीती नंतर घालवणे फार कष्टाचे होते. तिला घर मिळेपर्यंतचे हे पाच आठवडे तुम्हाला नुसते वाट पाहण्यात गेल्यासारखे वाटत असतील. तिच्या दृष्टीने ते घडणीचे आठवडे होते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, लहान मुलांचा गलका, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळे ती तुमच्या घरी शिकली असेल, तर तिच्या पुढच्या घराचे निम्मे काम तुम्ही करून ठेवले आहे.

रविवार मात्र मी पुढे ढकलला असता, आणि त्याचे कारण लस हे आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवशी चिकाच्या दुधातून आईची प्रतिकारद्रव्ये पिल्लाला मिळतात. ती त्याचे रक्षण करतात, पण तीच द्रव्ये लसही निष्प्रभ करतात. ती कोणत्या पिल्लात सातव्या आठवड्यात संपतील आणि कोणत्या पिल्लात चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही, आणि म्हणूनच पिल्लाचे वय १६ आठवडे होईपर्यंत दर तीन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. तुमच्या पिल्लाची दुसरी मात्रा याच आठवड्यात येते. ती तुमच्या घरी द्या, एखादा दिवस अंग गरम राहिले तर तिला ओळखीच्या अंथरुणात राहू द्या, आणि पुढच्या रविवारी पाठवा. बारा आठवड्यांनंतर द्यायची रेबीजची लस आणि उरलेल्या मात्रा नव्या घराने द्यायच्या आहेत, हे त्यांना तारखांसह लिहून द्या. पुण्यात पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना लागतो आणि तो काढताना रेबीजच्या लसीचा दाखला मागतात, त्यामुळे तो कागद जपून ठेवायला सांगा. लसी पूर्ण होईपर्यंत तिला भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवायला काहीच हरकत नाही, किंबहुना ते रोज करावे.

त्या कुटुंबाला एक प्रश्न न विसरता विचारा : गेल्या वर्षभरात त्यांच्या घरी एखादे पिल्लू रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन गेले होते का? हा आजार करणारा पार्व्होचा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटींत कित्येक महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलवर त्याचा बंदोबस्त होईल असा भरवसा धरता येत नाही, आणि पहिले पिल्लू गेल्याच्या दुःखात लोक महिन्याभरात दुसरे आणतात तेव्हा तेही त्याच रोगाने जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. उत्तर होकारार्थी आले तर तिच्या सर्व मात्रा पूर्ण होईपर्यंत तिला तिथे पाठवू नका. मधल्या काळात त्यांनी फरशी आधी स्वच्छ धुवावी आणि मग पाण्यात मिसळलेले ब्लीच फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे.

आता घराविषयी. घर मोठे आहे की लहान, हा प्रश्न मी जवळजवळ विचारतच नाही. दिवसभर घरी कोण असते, हे विचारते. माझ्या पाहण्यातले एक घर सांगते. वडील आणि दोन मुले पिल्लाशी खेळण्यात दंग झाली होती, सगळे ठरल्यासारखेच होते, आणि स्वयंपाकघराच्या दारात आजी पदराला हात पुशीत उभ्या होत्या; त्या एक शब्द बोलत नव्हत्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत पिल्लू ज्यांच्यापाशी राहणार होते त्यांना एकट्यांनाच कोणी काही विचारले नव्हते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काही त्याचं वावडं नाही हो, पण गुडघ्यांमुळे खाली वाकून पुसता येत नाही.” आम्ही ते पिल्लू तिथे दिले नाही. काही महिन्यांनी त्याच घरी चार वर्षांची, शांत, बाहेर फिरायला नेल्यावरच विधी उरकणारी एक कुत्री गेली, आणि ती आता आजींच्या पलंगाखाली झोपते. तेव्हा घरी स्वतः जाऊन या, आणि ज्यांच्यावर पिल्लाची दिवसभराची उस्तवार पडणार आहे त्यांच्याशी निवांत बोला.

घर भाड्याचे असेल तर घरमालकाची संमती लेखी घ्यायला सांगा. सोसायटीचा ठराव करून पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, त्यामुळे त्या बाबतीत कोणी घाबरवले तर घाबरू नये. गॅलरीच्या गजांमधून पिल्लाचे डोके बाहेर जाईल का ते पाहा आणि जात असेल तर जाळी बसवल्यावरच पिल्लू द्या. “आमच्या फार्महाऊसवर खूप जागा आहे” हे वाक्य ऐकले की मी सावध होते. आठवड्यातून एक दिवस माणसे येणार, उरलेले सहा दिवस गड्याने टाकलेले उरलेसुरले खायचे आणि साखळीला बांधून राहायचे, असा त्या खूप जागेचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. शेतावरच कायम वस्ती असलेल्या कुटुंबाची गोष्ट निराळी. तिथे कुत्रा माणसांत असतो.

देताना साध्या कागदावर करारपत्र करावे. त्यात उरलेल्या लसी, साधारण सहा महिन्यांच्या सुमारास करायची नसबंदी, आणि सांभाळणे अशक्य झाल्यास इतर कोणाला न देता पिल्लू तुमच्याकडेच परत आणण्याची हमी, एवढे असले तरी पुरे. अशा कागदावर कोर्टात लढा देणे सोपे नाही, हे मी लपवत नाही. पाळलेला प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, परंतु त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे. कायद्याचा धाक इतका तोकडा असताना पिल्लाचे खरे संरक्षण म्हणजे देण्यापूर्वी तुम्ही केलेली चौकशीच, आणि म्हणून कोणी “एवढे प्रश्न कशाला?” असे म्हटले तरी संकोचू नका.

मादी म्हणून मागे फिरलेल्या दोघांविषयी मला वाईट वाटते, कारण ती अडचण एका शस्त्रक्रियेने सुटणारी आहे. वर्षातून साधारण दोनदा येणारा माज, त्यातला रक्तस्राव, दाराशी जमणारे कुत्रे आणि नको असलेली पिल्ले, यांची भीती लोकांना असते आणि ती खोटी नाही. नसबंदीनंतर यांतले काही उरत नाही, शिवाय पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. पुन्हा कोणी फोन केला तर ही माहिती त्यांना पहिल्याच बोलण्यात द्या. जात विचारणाऱ्याला ती गावठी आहे असे बिनदिक्कत सांगावे. आखूड केसांची, हलक्या अंगाची ही कुत्री आपल्या उन्हाळ्यात कुलर-एसीवाचून राहते, आणि जे कुटुंब तिला गावठी म्हणून ओळखूनच नेते ते सहा महिन्यांनी तिच्या कानांकडे पाहून हिरमुसले होत नाही.

एक काम आजच सुरू करा. एका वहीत तिच्याविषयी लिहू लागा. ती केव्हा खाते, खाल्ल्यावर किती मिनिटांनी तिला बाहेर न्यावे लागते, कशाला घाबरते, रात्री रडली तर कशाने शांत होते, हे सगळे त्यात असू द्या. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी सांभाळायला असलेले एक पिल्लू केरसुणी उचलली की जागच्या जागी मुतत असे आणि भिंतीला अंग चिकटवून थरथरत उभे राहत असे. मी केरसुणी आडवी ठेवून तिच्याभोवती चिकनचे तुकडे पसरायची. पंधरा दिवसांत ते तिच्यावरून उडी मारून जाऊ लागले. ते नव्या घरी गेले तेव्हा हे सांगायचे माझ्याकडून राहिले. तिथे रोज सकाळी केर निघे आणि रोज सकाळी ते मुते, आणि नवव्या दिवशी “याला घाणेरडी खोड आहे” म्हणून ते परत आले. चूक माझी होती, त्याची शिक्षा पिल्लाला झाली. त्यानंतर वही दिल्यावाचून मी एकही पिल्लू दिलेले नाही. चौथ्या महिन्यानंतर तिचे दुधाचे दात पडू लागतील आणि चपला, चार्जरच्या वायरी, सोफ्याचे कोपरे यांवर संक्रांत येईल, हेही त्या वहीत लिहा. आधी सांगितलेला त्रास माणसे सोसतात, न सांगितलेल्या त्रासाला फसवणूक समजतात.

पाठवताना सकाळची वेळ निवडा, म्हणजे रात्र होईपर्यंत तिला घर हुंगून पाहता येईल. दुचाकीवर मांडीत धरून नेऊ देऊ नका. घाबरलेले पिल्लू कधी उडी मारील याचा नेम नसतो. ती ज्यावर झोपते ते फडके न धुता बरोबर द्या, आणि आठवडाभर पुरेल इतके तिचे नेहमीचे खाणे द्या.

तुमचा तिसरा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो तुमच्याविषयी आहे. आई जिवंत असती तरी आतापर्यंत तिने या पिल्लांना अंगावर पाजणे थांबवले असते आणि ती मागे लागली असती तर त्यांच्यावर गुरकावली असती; ते वयच आईपासून सुटण्याचे असते. नव्या घरी ती पहिल्या दोन-तीन रात्री रडेल, आणि तिला कोणाच्या तरी पलंगाशेजारी झोपू दिले तर लवकर शांत होईल. तुम्हाला मात्र त्याहून अधिक दिवस लागतील, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. पाच आठवडे दर दोन तासांनी उठून तुम्ही जिला गॅलरीत नेले, तिची वाटी रिकामी दिसल्यावर रडू येणारच. सासूबाईंच्या दम्याचा विचार करून तुम्ही पहिल्याच दिवशी घेतलेला निर्णय योग्य होता आणि आजही योग्य आहे. पहिले पंधरा दिवस तिला भेटायला जाऊ नका, फोटो मागवा. त्यानंतर अवश्य जा. ती तुम्हाला ओळखील, शेपटी हलवील, अंगावर चढेल, आणि मग परत त्यांच्याकडे जाईल.

प्रश्न : आम्ही दीड महिन्याचे एक पिल्लू सांभाळायला घेतले आहे. त्याला दोन्ही वेळा गाईचे दूध आणि पोळी देतो, तरी त्याला सतत पातळ शी होते. पोट मोठे दिसते पण बरगड्या मोजता येतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दूध आजपासून बंद करा. गाईच्या दुधातील साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि त्यामुळे जुलाब होतात. भिजवून मऊ केलेले पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. ते मिळेपर्यंत काही दिवस मऊ भात आणि उकडलेले चिकन किंवा अंडे चालेल, मात्र त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण नको; कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. फुगलेले पोट आणि दिसणाऱ्या बरगड्या हे जंतांचे लक्षण आहे, तेव्हा त्याचे वजन करून डॉक्टरांकडून औषध घ्या आणि तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा द्या. शीमध्ये रक्त दिसले, उलटी झाली किंवा पिल्लाने एक वेळचे खाणे टाकले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

प्रश्न : आमच्याकडे दत्तक जाईपर्यंत ठेवलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाने खेळताना माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या बोटाला दात लावला. थोडे रक्त आले. आईने हळद लावली. एवढ्या लहान पिल्लापासून रेबीज होत नाही असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खरे नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबता येणार नाही म्हणून ते तुम्हाला आधीच पत्राने कळवले आहे. इतरांसाठी इथे देत आहे. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला त्यापूर्वी कोण चावले होते हे कोणालाच माहीत नसते, आणि पिल्लांनाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, तिखट, तेल असे काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रक्त आलेले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिकारद्रव्ये, देण्याची गरज असते. ते डॉक्टरांना आपणहून विचारा. दंडाच्या स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते लस घेत घेत. लस पुढे ढकलून नव्हे. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर माणूस वाचवता येत नाही, आणि वेळेवर उपचार घेतल्यास रेबीज टाळता येतो, या दोन वाक्यांपुढे घरातल्या कोणाचेही मत ऐकू नका.

पिल्लावर मात्र राग धरू नका. भावंडांत वाढताना एकाने जोरात चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो, त्यातून किती जोराने चावावे हे पिल्लू शिकते; एकट्या पिल्लाला हे शिकवणारे कोणी नसते. दात लागला की खेळ तिथेच थांबवून उठून जावे आणि थोड्या वेळाने हाताऐवजी गाठी मारलेले जाड फडके पुढे करावे. मुलाला पिल्लाबरोबर एकटे सोडू नका.

प्रश्न : रस्त्यावरून उचललेले एक नर पिल्लू गेले पाच महिने आमच्याकडे आहे. आता ते सात महिन्यांचे आहे आणि कोणीच नेत नाही. माझी बदली होणार आहे. जिथून आणले तिथेच सोडले तर चालेल का? गल्लीतल्या कुत्र्यांना लोक खायला घालतात.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, कृपया असे करू नका. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ जागी सोडण्याची जी तरतूद आहे ती त्याच जागी वाढलेल्या, तिथली वाट आणि तिथली टोळी ओळखणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. तुमचे पिल्लू दोन महिन्यांचे असल्यापासून घरात वाढले. गल्लीतली कुत्री त्याला परका समजून फाडतील, आणि रस्ता ओलांडताना गाडीचा अंदाज घेणे त्याला कोणी शिकवलेले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे. तुम्ही कागदोपत्री दत्तक घेतलेले नसेल, पण त्या कुत्र्याच्या लेखी तुमचे घर हेच त्याचे घर आहे.

सात महिन्यांचा कुत्रा घर मिळण्यास कठीण असतो हे मान्य, पण त्याच्या काही जमेच्या बाजू लोकांपर्यंत पोहोचवल्याच जात नाहीत. त्याचे दात येऊन झाले आहेत, तो घरात घाण करत नाही, त्याचा आकार आणि स्वभाव समोर दिसतो आहे. ज्यांना पिल्लाची धावपळ झेपत नाही अशा निवृत्त जोडप्यांसाठी हा उत्तम सोबती ठरतो. सकाळी उद्यानात फिरायला येणाऱ्यांमध्ये रोज त्याला घेऊन जा, गळ्यात “मला घर हवे आहे” अशी पाटी असू द्या. बदलीपूर्वी त्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या, म्हणजे नेणाऱ्याची मोठी चिंता मिटते. घर मिळेपर्यंत दुसरे कोणी सांभाळायला तयार होत असेल तर त्याच्या खाण्याचा खर्च तुम्ही उचला; पुष्कळ जण जागा देऊ शकतात, पैसा देऊ शकत नाहीत.

आणि त्याचे फोटो पुन्हा काढा. तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो उभ्याने, वरून, रात्रीच्या दिव्यात काढलेले आहेत, आणि त्यांत पाठीशिवाय काही दिसत नाही. सकाळी आठच्या उन्हात जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरा, आणि शेजारी एखादे माणूस बसवा, म्हणजे तो किती मोठा आहे आणि माणसाला कसा टेकून बसतो हे पाहणाऱ्याला समजेल. फोटो आले की मला पाठवा. पुढच्या अंकात या सदराशेजारी एकासाठी जागा राखून ठेवायला मी संपादकांना सांगितले आहे.